एका रेणूतले दोन क्लोरीन

खरड छाटणी होऊन फुटी वाढायला लागल्या की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या बोलण्यात तीन अक्षरे हमखास येतात: सीसीसी. किती पाने आली, शेंडा किती जोरात चाललाय, पेरे लांबताहेत का, हे बघून फवारणीचा दिवस ठरतो. सीसीसी म्हणजे क्लोरोकोलिन क्लोराइड. डब्यावर बारीक अक्षरात त्याचे दुसरे नाव छापलेले असते, क्लोरमेक्वाट क्लोराइड. या रेणूत क्लोरीनचे दोन अणू आहेत. दोन्ही एकाच मूलद्रव्याचे, एकाच डब्यातले, आणि तरीही त्यांच्या वागण्यात इतका फरक आहे की रसायनशास्त्राचा एक मोठा भाग केवळ त्या फरकावर उभा आहे. सातारा-सांगलीच्या शेतात, विहिरीत, प्रयोगशाळेत आणि शेडमध्ये जे काही क्लोरीनयुक्त आहे, ते समजून घ्यायची किल्ली या एका रेणूत मिळते.

क्लोरीनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. आठवा मिळाला की तो शांत होतो. सोडियम भेटला तर क्लोरीन त्याचा एक इलेक्ट्रॉन सरळ काढून घेतो, स्वतः ऋणभारित क्लोराइड आयन होतो, आणि आपण त्याला मीठ म्हणून भाजीत घालतो. कार्बन मात्र इलेक्ट्रॉन असा सोडत नाही. तिथे दोघांना एक जोडी मिळून वापरावी लागते. कार्बन आणि क्लोरीन यांच्यातला हा सहसंयुज बंध साधारण १७८ पिकोमीटर लांबीचा असतो; एका सेंटिमीटरमध्ये असे साडेपाच कोटी बंध ओळीने मावतील. भागीदारी समसमान नसते. क्लोरीनची ओढ जास्त, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची जोडी त्याच्याकडे सरकलेली राहते. क्लोरीनकडे थोडा ऋणभार, कार्बनवर थोडा धनभार. या 'थोड्या'वर पुढचे सगळे नाट्य घडते.

सीसीसीच्या रेणूत एक क्लोरीन मिठातल्यासारखा आहे. पाण्यात पडताच तो मोकळा होतो आणि स्वतंत्र फिरतो. दुसरा कार्बनला सहसंयुज बंधाने जोडलेला आहे आणि पाण्यात गेला तरी जागचा हलत नाही. हे डोळ्यांनी बघता येते. बारावीच्या प्रात्यक्षिकात क्लोराइड ओळखायला सिल्व्हर नायट्रेट वापरतात, ते आठवा. परीक्षानळीत सीसीसीचे विरळ द्रावण घ्यावे, नायट्रिक आम्लाचा थेंब टाकावा आणि वरून साका धरणे थांबेपर्यंत सिल्व्हर नायट्रेट सोडावे. थेंब पडला तिथे दह्यासारखा पांढरा साका लगेच धरतो. तो खाली बसू द्यावा आणि वरच्या नितळ द्रावणात आणखी सिल्व्हर नायट्रेट घालून बघावे. आता काही होत नाही, द्रावण नितळच राहते. अर्धा क्लोरीन साका होऊन तळाशी बसलेला आणि अर्धा त्या नितळ पाण्यात, डोळ्यांसमोर असूनही चाचणीला न सापडणारा. एकाच रेणूतल्या दोन क्लोरीनची इतकी स्वच्छ फारकत मला दुसऱ्या कुठल्याही साध्या प्रयोगात दिसलेली नाही.

वेलीच्या आत गेल्यावर सीसीसी काय करते? वनस्पतीत जिब्रेलिन नावाची संजीवके तयार होत असतात, त्यांच्यामुळे पेरे लांबतात आणि शेंडा धावतो. ती बनवणाऱ्या साखळीतल्या सुरुवातीच्याच एका विकराला हा रेणू अडवतो. शेंड्याची धाव मंदावते, पेरे आखूड राहतात, आणि वेलीची ताकद काडी पक्व होण्याकडे आणि डोळ्यांत घडनिर्मिती होण्याकडे वळते. गंमत अशी की हाच बागायतदार फळछाटणीनंतर मण्यांची लांबी-फुगवण साधायला 'जीए', म्हणजे जिब्रेलिक आम्ल, वेलीला बाहेरून देतो. उन्हाळ्यात जे अडवायचे तेच पुढच्या हंगामात पुरवायचे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात नॅथन टॉलबर्ट यांनी १९६० मध्ये क्लोरमेक्वाटचा हा गुण दाखवून दिला. तिथून तो गव्हाच्या शेतात गेला आणि कालांतराने आपल्या द्राक्षबागेत आला.

मग आले २०१० साल. युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, माल अडकला आणि निर्यातदार-बागायतदारांचे कंबरडे मोडले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून तो उलटा करून बघू: २० टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. फवारणी वेलीवर झालेली असते फळ यायच्या कितीतरी आधी, खरड छाटणीनंतर. तरी कार्बनला धरून बसलेला तो दुसरा क्लोरीन रेणूसकट टिकून राहू शकतो. नाशपातीच्या झाडांत तर आदल्या वर्षी फवारलेले क्लोरमेक्वाट पुढल्या वर्षीच्या फळांत सापडल्याची नोंद आहे. त्या हंगामानंतर निर्यातीच्या द्राक्षांच्या उर्वरित अंश तपासणीत या रेणूचे नाव ठळकपणे आले.

२० टनांत एक ग्रॅम शोधतात कसा? पुण्याजवळच्या मांजरी इथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. अशा प्रयोगशाळांमध्ये मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र रेणूंना भारित करून त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळे करते. इथे क्लोरीन स्वतःच आपला पत्ता सांगतो. निसर्गात क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू असतात, ३५ वस्तुमानाचे आणि ३७ वस्तुमानाचे, आणि त्यांचे प्रमाण जवळपास तीनास एक असे ठरलेले. पहिला, सुटा क्लोराइड पाण्यात निघून गेला की सीसीसीचा जो धनभारित भाग उरतो त्याचे वस्तुमान १२२ भरते. आणि त्याच्या बरोबर दोन घरे पुढे, १२४ वर, तिप्पट बुटकी दुसरी रेघ उभी असते. १२२ आणि १२४, तीनास एक. एवढे दिसले की आत कार्बनला जोडलेला एक, आणि एकच, क्लोरीन आहे हे कळते. दोन असते तर रेघांचा थाट वेगळा असता. परीक्षानळीतल्या सिल्व्हर नायट्रेटला जो क्लोरीन सापडला नाही, तोच इथे अचूक सापडतो.

आता या बंधाच्या बळाकडे वळू. तो तोडायला दर मोलला साधारण ३३० किलोज्यूल लागतात. कार्बन-फ्लोरीन बंधाला सुमारे ४८५, कार्बन-ब्रोमिनला २८५. म्हणजे क्लोरीनचा बंध मधला. फ्लोरीनसारखा हट्टी नाही, ब्रोमिनसारखा उतावळा नाही. शिवाय सुटून गेला तर क्लोरीन क्लोराइड आयन म्हणून सुखाने राहतो, त्यामुळे योग्य कारण मिळाले की तो जायला तयार असतो. ते कारण म्हणजे कधी क्षार, कधी धातू, कधी ऊन, कधी जिवंत पेशीतले विकर. हे मधलेपणच रसायनतज्ज्ञांना शंभर-दीडशे वर्षे भुरळ घालत आले आहे. बंध पुरेसा टिकाऊ, म्हणून औषध बाटलीत राहते. पुरेसा नाजूक, म्हणून ते कामही करते. निसर्गालाही याची भुरळ पडलेली दिसते. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक १९४७ मध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले आणि त्यात कार्बनला जोडलेले दोन क्लोरीन आहेत. व्हँकोमायसिनमध्येही दोन. क्लोरीन-कार्बन बंध म्हणजे केवळ कारखान्यातला उद्योग, ही समजूत सोडून द्यावी लागते.

पण बंध कुठल्या कार्बनवर आहे आणि कुठल्या दिशेला आहे, यावर त्याची निष्ठा ठरते. बेंझिनसारख्या कड्यावर बसलेला क्लोरीन आपले जादा इलेक्ट्रॉन कड्याशी वाटून घेतो, बंध आखूड आणि घट्ट होतो आणि साध्या क्षाराला दाद देत नाही. उसातल्या वाळवी-हुमणीसाठी वापरला जाणारा क्लोरपायरीफॉस घ्या. त्याचे तीन क्लोरीन अशाच एका कड्यावर बसलेले आहेत.

दिशेचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. जुन्या शेतकऱ्यांना बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी आणि तिचा कुबट वास अजून आठवतो. सहा कार्बनचे एक कडे, प्रत्येक कार्बनवर एक क्लोरीन आणि एक हायड्रोजन. बस्स. पण प्रत्येक ठिकाणी क्लोरीन वरच्या बाजूला आहे की खालच्या, यावरून याच रेणूची वेगवेगळी रूपे होतात. त्यातले कीड मारणारे रूप मुख्यतः एकच, गॅमा, ज्याला लिंडेन म्हणतात. बाकीची रूपे भुकटीत नुसती सोबत येत आणि जमिनीत जात. त्यातल्या बीटा रूपात क्लोरीन एक वर, एक खाली, एक वर, एक खाली असे ओळीने बसलेले असतात. अशा रेणूतून क्लोरीन निघून जायचा सोपा रस्ता असा असतो: शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला हवा, म्हणजे दोघे एकदम निसटतात. बीटा रूपात ते कधीच जमत नाही. क्लोरीन वर असला की शेजारचा क्लोरीन खाली, म्हणजे शेजारचा हायड्रोजन वर, क्लोरीनच्याच बाजूला. सहाही ठिकाणी तेच. रस्ता सगळीकडून बंद. म्हणून हे रूप जमिनीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे राहते. अणू तेच, बंध तेच, संख्या तीच, केवळ वर-खाली. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, पण बीटा रूपाचे माग त्यानंतरही लागत राहिले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला इथेफॉन आहे. फळछाटणीआधी पानगळ करायला बागायतदार ते फवारतात, आणि केळी पिकवायलाही ते वापरले जाते. या रेणूत दोन कार्बन, एका टोकाला क्लोरीन आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फरसचे आम्ल. तीव्र आम्लात, म्हणजे बाटलीत, तो निवांत पडून असतो. सामू चारच्या वर गेला की रेणूला स्वस्थ बसवत नाही: क्लोरीन क्लोराइड होऊन सुटतो, फॉस्फरसचा भाग फॉस्फेट होऊन वेगळा होतो, आणि मधले दोन कार्बन इथिलीन वायू म्हणून बाहेर पडतात. पेशीच्या आतला सामू सातच्या आसपास असतो, त्यामुळे हे सगळे पानाच्या आत शिरल्यावर घडते. इथिलीन हे वनस्पतीचे स्वतःचेच संजीवक. ते मिळाले की देठाच्या तळाशी असलेला पेशींचा पातळ थर सैल होतो आणि पान गळते. बाहेरून वायू सोडण्याऐवजी वायू होणारा रेणू आत पाठवायचा, ही कल्पना मला अजूनही अफाट वाटते. हिशेब केला तर एक ग्रॅम इथेफॉनमधून सुमारे १७० मिलिलिटर इथिलीन निघते. ३९ टक्क्यांच्या एक लिटरच्या बाटलीत साठ लिटरहून जास्त ज्वलनशील वायू दडलेला असतो.

म्हणून पाण्याचा सामू महत्त्वाचा. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात विहिरी-कूपनलिकांचे पाणी बऱ्याचदा क्षारयुक्त असते. अशा पाण्यात इथेफॉन कालवून टाकी तशीच ठेवली, तर पानात निघायचा वायू टाकीतच निघून जातो आणि फवारणी वाया जाते. अनुभवी बागायतदार आधी पाण्याचा सामू तपासतात आणि कालवल्यावर वेळ न दवडता फवारतात. त्यामागचे कारण असा एक क्लोरीन आहे, जो फक्त आम्लात जागेवर राहतो.

आता मिरजेत जाऊ. डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनेडियन शल्यविशारदांनी तिथे मिशनचे रुग्णालय उभे केले, त्याची स्थापना १८९४ ची. लोक अजूनही त्याला वॉनलेस हॉस्पिटल म्हणतात. त्या काळात भारतभर शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला झोपवायचे मुख्य साधन क्लोरोफॉर्म हे होते. एक कार्बन, एक हायड्रोजन, तीन क्लोरीन. १८३१ च्या सुमारास अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीत तिघांनी तो स्वतंत्रपणे तयार केला होता, आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी त्याने माणूस बेशुद्ध होतो हे दाखवले. पुढल्याच जानेवारीत क्लोरोफॉर्म दिलेली हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली, आणि हा पदार्थ हृदयावर आघात करतो की श्वासावर, हा वाद अर्धशतक चालला. त्याचा निकाल लावायला निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दक्खनच्या पठारावरचा हा मोठा वैज्ञानिक प्रयोग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असायला हवा.

क्लोरोफॉर्मची बाटली तपकिरी का असते, याचे उत्तर त्याच बंधात आहे. तीन क्लोरीनच्या ओढीने कार्बनजवळचा एकुलता हायड्रोजन सैल पडलेला असतो. उजेड आणि हवेतला ऑक्सिजन मिळाले की तो निघतो, जागी ऑक्सिजन शिरतो, एक क्लोरीन सुटतो, आणि उरतो फॉस्जीन. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून जो युद्धवायू म्हणून वापरला गेला, तोच हा. ताज्या कापलेल्या गवतासारखा वास, आणि परिणाम काही तासांनी, फुप्फुसांत पाणी भरून. उघड्या ज्योतीपाशीही हेच होते. गॅसच्या दिव्यांखाली क्लोरोफॉर्म देऊन चाललेल्या शस्त्रक्रियांत डॉक्टर-परिचारिकांचे घसे धरल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात आहेत. यावर उपाय सापडला तो फार साधा. बाटलीत अर्धा ते एक टक्का इथाइल अल्कोहोल घालायचे. फॉस्जीनचा रेणू तयार झाला की अल्कोहोल त्याला गाठून निरुपद्रवी संयुगात बदलते. म्हणून क्लोरोफॉर्मच्या बाटलीवर 'अल्कोहोलने स्थिर केलेले' असे लिहिलेले असते. त्या अल्कोहोलला भेसळ समजून कुणी धुऊन काढले, तर पहारेकरीच गेला. शुद्ध केलेला क्लोरोफॉर्म साठवून ठेवू नये, तो वापरूनच टाकावा. आणि उन्हात राहिलेली, अर्धी रिकामी, बरीच जुनी बाटली वास घेऊन कधीही तपासू नये.

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत, औषधनिर्मितीत आणि रंग खरवडायच्या द्रावणांत याचाच एक भाऊ भेटतो, डायक्लोरोमिथेन. दोन क्लोरीन, दोन हायड्रोजन. पुस्तकात त्याचा उत्कलनबिंदू ४० अंश दिलेला असतो. ते झाले समुद्रसपाटीचे. सांगली साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून तो सुमारे ३८ अंशांनाच उकळतो. साताऱ्यात आणखी एखादा अंश कमी. एप्रिल-मेमध्ये मिरज, जत, आटपाडी भागातले दुपारचे तापमान आठवा. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली अक्षरशः उकळण्याच्या बेतात असते. झाकण घट्ट असेल तर आत दाब साठतो, सैल असेल तर वाफ बाहेर येते.

ही वाफ जाते कुठे, ते हरिपूरच्या जुन्या माणसांना विचारावे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवायला जमिनीखाली पेवे असत; २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे, आतली कोंडलेली हवा आधी निघू देत. पेवात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाशी साचून राही. डायक्लोरोमिथेनची वाफ हवेच्या तिप्पट जड आहे आणि क्लोरोफॉर्मची चौपट. ती वरच्या झरोक्यातून निघून जात नाही. फरशीवर पसरते आणि खोलगट जागी पेवातल्यासारखी साचते. म्हणून अशा द्रावकांच्या खोलीला वायुवीजन जमिनीलगत हवे.

या द्रावकांची दुष्मनी कुणाशी, तेही सांगायला हवे. सोडियमसारख्या धातूशी क्लोरोफॉर्मचा स्फोट होतो. तीव्र क्षार आणि अ‍ॅसिटोन यांच्या सोबतीने तो एकदम तापतो. आणि ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही तो अ‍ॅल्युमिनियम. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर खरवडला गेला की क्लोरीनयुक्त द्रावक धातूला भिडते, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड तयार होते, आणि ते स्वतःच पुढची क्रिया वाढवत नेते. दुधाच्या या मुलखात अ‍ॅल्युमिनियमची किटली हाताशी असतेच. असले द्रावक तिच्यात कधीही ओतू नये.

पाण्याबद्दल थोडे. गावोगावी नळपाणी योजनेत आणि विहिरीत जी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकतात, तिच्यातला क्लोरीन कार्बनला जोडलेला नसतो. पण पावसाळ्यात महाबळेश्वरपासून वाई, कऱ्हाड, सांगलीपर्यंत कृष्णा गढूळ होऊन येते तेव्हा तिच्यात कुजलेल्या पानांचे विरघळलेले कार्बनी पदार्थ असतात. त्यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की अगदी अल्प प्रमाणात क्लोरोफॉर्म तयार होतो. हे रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये उघड केले. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. यावरून टीसीएल बंद करा असे कुणी म्हणेल, तर ते घातक ठरेल. कॉलरा आणि कावीळ या शत्रूंपुढे हा धोका फार लहान आहे. खरा उपाय म्हणजे पाणी आधी निवळून, गाळून मग क्लोरीन देणे. पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे बघणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला पाहिजे, तो आलाच पाहिजे.

आणि वजनाने बघितले तर आपल्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त कार्बन-क्लोरीन बंध कुठे आहेत? शेतात पुरलेल्या पीव्हीसी पाइपांत. त्यांच्या प्लॅस्टिकच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतो. जमिनीखाली तो निमूट राहतो. बांधावर जुने पाइप पेटवले की मात्र हायड्रोजन क्लोराइडचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. ते पेटवू नयेत.

शेवटी शेतातल्या शेडकडे येतो, कारण या सगळ्याचा उपयोग तिथेच आहे. द्राक्षबागेच्या शेडमध्ये साधारण काय असते? बोर्डो मिश्रणासाठी चुना आणि मोरचूद. गंधकाची भुकटी. बेदाणा करणाऱ्यांकडे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पिशव्या. इथेफॉन, सीसीसी. कोपऱ्यात विहिरीसाठी आणलेली टीसीएल. औषधांच्या डब्यांवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असलेला तिरपा चौकोन असतो आणि शेतकरी तो बघतात, हे चांगलेच आहे. पण तो रंग एवढेच सांगतो की हे पोटात गेले किंवा अंगाला लागले तर किती विषारी. कोण कुणाच्या शेजारी बसायला नको, हे तो सांगत नाही. ते बंध सांगतो.

इथेफॉन हे आम्ल. चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट हे क्षार. ते एकत्र सांडले की इथिलीन सुटणार. इथेफॉनचा ओघळ टीसीएलवर गेला तर आम्लाने क्लोरीन वायू सुटणार, तोही हवेपेक्षा अडीचपट जड. टीसीएल आणि गंधक शेजारी ठेवणे म्हणजे आगीला आवतण. सीसीसीच्या द्रावणातला सुटा क्लोराइड उघड्या धातूला गंज चढवतो आणि इथेफॉनचे आम्ल धातू खाते, म्हणून दोन्ही त्यांच्या मूळ प्लॅस्टिकच्या डब्यातच राहावीत. ती पत्र्याच्या डब्यात काढू नयेत, पाण्याच्या बाटलीत तर नाहीच.

या उन्हाळ्यात खरड छाटणीचे काम सुरू करण्याआधी एक सकाळ शेडला द्या. टीसीएल उचलून दुसऱ्या कोरड्या खोलीत न्या. चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट एका भिंतीला, इथेफॉन समोरच्या भिंतीला, आणि पातळ औषधे नेहमी खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या घमेल्यात उभी करून ठेवा, म्हणजे सांडले तरी भुकटीवर ओघळणार नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कुठवर येते ते बघा आणि बाटल्या त्याच्या बाहेर सरकवा. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. लेबल निघालेला डबा ओळखायचा प्रयत्न करू नका. तो वापरू नका, ओतू नका, जाळू नका, आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची ते कृषी अधिकाऱ्यांना विचारा. शेडला कुलूप लावा आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.